पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी : शेतकऱ्याने तीवर किती खर्च करावा?

गेल्या महिन्यात मंडळाची बैठक आटोपल्यावर मनोरी येथील एक जुने सभासद मागे राहिले आणि त्यांनी आमच्यापुढे एक प्रश्न ठेविला. त्यांची कन्या बारावीच्या परीक्षेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली असून तिला पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी घ्यावयाची आहे. घरी भातशेती, हिवाळ्यातील भाजीचा मळा आणि तीसेक माडांची वाडी एवढी मिळकत. चार वर्षांच्या शिक्षणास लागणारी रक्कम हाताशी नाही. वाडीचा रस्त्याकडील पट्टा मागणारा दलाल मात्र दर आठवड्यास दारात येऊन बसतो. उलटपक्षी मुलीचा चुलतभाऊ मालाडास एका कचेरीत नोकरीस आहे, तो सांगतो की, अशा पदवीधरांचे काम यापुढे कृत्रिम बुद्धिमत्ता करणार, अभियंत्याचा अहवाल यंत्र अर्ध्या तासात लिहून देते, सबब या पदवीवर पैसा घालणे म्हणजे तो खाडीत टाकणे होय. "माड लावावा की नाही हे आम्हांस कळते. ही पदवी लावावी की नाही, हे आम्हांस कोणी सांगावे?" असे त्या गृहस्थांचे शब्द होते.

हा प्रश्न एका घरचा नाही. उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी ही म्हण आपण अजून तोंडाने म्हणतो; परंतु मुलांची शिक्षणे त्या कनिष्ठ नोकरीसाठीच चाललेली असतात, आणि पुष्कळ वेळा ती उत्तम शेती गहाण टाकून चाललेली असतात. त्यातून गेल्या तीन-चार वर्षांत यंत्रबुद्धीचा बोलबाला झाल्यापासून कोणती विद्या टिकेल आणि कोणती बुडेल, याविषयी जो तो आपापले भविष्य सांगत सुटला आहे. आम्ही भविष्य सांगू इच्छीत नाही. नवे पीक घेताना शहाणा शेतकरी जे विचारतो तेच आम्ही येथे विचारणार आहो : खर्च किती, उत्पन्न केव्हा, कीड कोणती आणि गिऱ्हाईक कोण? आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. ही विद्या खोटी नाही व तिला गिऱ्हाईकही आहे. परंतु ती जमीन विकून घेण्याच्या किंमतीची नाही, आणि बहुतेकांनी ती सरळ वाटेने न घेता थोड्या वळणाच्या वाटेने घ्यावी.

प्रथम ही विद्या म्हणजे काय ते पाहू. कारण पर्यावरण हा शब्द ऐकिला की कित्येकांस झाडे लावणे आणि व्याख्याने देणे एवढेच दिसते. पिण्याचे पाणी शुद्ध करणे, सांडपाणी निर्दोष करून सोडणे, कचऱ्याची विल्हेवाट लावणे, कारखान्याचा धूर व दूषित पाणी कायद्याच्या मर्यादेत आणणे, ही या अभियंत्याची कामे होत. पूर्वी याच विद्येस सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी म्हणत असत. नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेली मध्यवर्ती संशोधनसंस्था त्याच नावाने ओळखली जाई. १९७४ साली तिचे नाव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, असे झाले. नाव नवे असले तरी काम जुने आहे. १८६० साली विहार तलावाचे पाणी मुंबईस आले तेव्हापासून या शहराचा जीव याच विद्येवर तगून आहे.

मनोरीच्या रहिवाशास याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. खाडीपलीकडे बोरिवलीच्या बाजूस गोराईचा कचरा-डेपो १९७२ पासून २००७ पर्यंत चालला. सुमारे २० हेक्टर जागेवरचा तो डोंगर पुढे मातीने व आवरणाने झाकून, आतील वायू नळ्यांनी बाहेर काढण्याची व्यवस्था करून बंद करण्यात आला. मालाड येथे सांडपाणी शुद्धीकरणाचा नवा कारखाना उभारण्याचे काम हाती घेण्यात आले असून त्याची योजना दररोज ४५.४ कोटी लिटर पाण्याची आहे. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप व घाटकोपर अशा सात कारखान्यांच्या ज्या योजनेचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले, तिची एकंदर क्षमता दररोज २४६.४ कोटी लिटर धरलेली आहे. आणि खुद्द मनोरीस समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना काढण्याचे महापालिकेने योजिले असून २०२१ साली त्याविषयी एका इस्रायली कंपनीशी करारही झाला. त्याची कल्पना आरंभी दररोज २० कोटी लिटरांची व पुढे ४० कोटींची आहे. मद्रासकडे, म्हणजे आजच्या चेन्नईनजीक, मिंजूर येथे २०१० साली आणि नेम्मेली येथे २०१३ साली दररोज १० कोटी लिटरांचे असे कारखाने सुरू झालेले आहेत.

आता गिऱ्हाईक कोण ते पाहू. आंब्यास गिऱ्हाईक जिभेचे असते. या विद्येस गिऱ्हाईक कायद्याचे आहे. महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले, जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ साली झाला, पर्यावरण संरक्षणाचा १९८६ साली, आणि मोठ्या प्रकल्पांनी आधी परिणामांचा अहवाल करावा असा सांप्रत चालू असलेला नियम २००६ सालचा. कारखानदार सांडपाणी शुद्ध करितो तो बहुधा हौसेने नव्हे, तर नोटीस येईल म्हणून. यावरून दोन गोष्टी निघतात. कायदा आहे तोवर या अभियंत्यास काम आहे, ही एक. कायद्याची अंमलबजावणी ढिली झाली की कामही ढिले होते, ही दुसरी. ज्या मालाचा भाव सरकारच्या दृढतेवर अवलंबून आहे, तो माल घेणाऱ्याने थोडे हातचे राखून असावे.

यानंतर कीड. यंत्रबुद्धी या विद्येचा कोणता भाग खाते आणि कोणता खात नाही, हे नीट पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी आपल्याच परिचयाचे उदाहरण घेऊ. सातबाऱ्याचा उतारा पूर्वी तलाठ्याच्या हातचा असे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा संगणकावर मिळू लागला; १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून करू लागला. उतारा लिहिण्याचे काम जवळजवळ गेले. परंतु दोन भावांत बांधावरून तंटा लागला म्हणजे मोजणीदारास शेतात यावेच लागते, खुणा दाखवाव्या लागतात आणि नकाशावर सही करावी लागते. ती सही खोटी ठरली तर जाब त्यास द्यावा लागतो, संगणकास नव्हे. म्हणजे लिहिण्याचा भाग यंत्राने नेला. जागेवर उभे राहण्याचा आणि जबाबदारीचा भाग माणसाकडे राहिला.

पर्यावरणाच्या अभियंत्याचेही असेच होत आहे व होणार. त्याच्या कामाचा मोठा हिस्सा आजवर कागदाचा होता : जुन्या अहवालांवरून नवा अहवाल रचणे, आकड्यांचे तक्ते करणे, नियमांची कलमे शोधणे, ठराविक नमुन्याचे आराखडे काढणे. हे काम यंत्र आजच बऱ्यापैकी करिते आणि दिवसेंदिवस अधिक चांगले करील. या बाबतीत मालाडच्या त्या चुलतभावाचे म्हणणे खरे आहे, आणि ते नाकारून मुलीस फसविण्यात अर्थ नाही.

पण सांडपाण्याचा नमुना कोणी घ्यावयाचा? त्या पाण्यात किती घाण आहे हे ज्या परीक्षेने ठरते, त्या बी. ओ. डी. परीक्षेत जंतूंना आपले काम करू द्यावे लागते. २० अंश उष्णतेवर पाच दिवस, किंवा २७ अंशांवर तीन दिवस. यंत्र अंदाज सांगू शकेल, परंतु बाटली भरणारा, ती थंड ठेवून प्रयोगशाळेत पोचविणारा आणि आकड्याखाली सही करणारा माणूसच पाहिजे. २०१४ साली केंद्रीय मंडळाने अत्यंत दूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांस आपोआप मोजणारी उपकरणे बसविण्याची आज्ञा केली. ती बसली, तथापि उपकरणाच्या टोकास शेवाळ व मेण धरते, आकडा सरकतो, आणि कधी कधी तो मुद्दाम सरकविण्यातही येतो. पडद्यावर दिसणारा आकडा व नाल्यातील पाणी यांत फरक आहे, हे ओळखण्यास नाल्याच्या काठावर गेलेले नाक लागते.

मनोरीच्या योजनेचेच गणित घ्या. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पडद्यांतून दाबाने पाणी गाळण्याच्या रीतीत घेतलेल्या पाण्यापैकी साधारणपणे शेकडा ४० ते ४५ भाग गोडा होतो. म्हणजे दररोज २० कोटी लिटर गोडे पाणी पाहिजे असेल, तर सुमारे ४५ ते ५० कोटी लिटर समुद्रातून घ्यावे लागते, आणि २५ ते ३० कोटी लिटर अधिक खारट झालेले पाणी, लिटरास ६० ग्रॅमच्या आसपास क्षार असलेले, परत सोडावे लागते. ते किनाऱ्यापासून किती दूर, किती खोल आणि कोणत्या प्रवाहात सोडावे, यावर जवळच्या मासळीचे भवितव्य ठरते. विजेचे पाहिले तर हजार लिटरांस तीन ते चार युनिट लागतात. म्हणजे दररोज सहा ते आठ लक्ष युनिट. जो अभियंता पडद्यांची निगा राखून आणि दाब जुळवून हजार लिटरांमागे एक दशांश युनिट वाचवील, तो दिवसास २०,००० युनिट वाचवील; युनिटास ८ रुपये धरले तर दिवसाचे १ लक्ष ६० हजार रुपये. अशा माणसाचे वेतन मालकास जड वाटत नाही. आणि हेही सांगितले पाहिजे की, हा माणूस यंत्रबुद्धीचा उपयोग करून घेणारा असेल, तिच्याकडे पाठ फिरविणारा नसेल. बारामतीस कृषि विकास प्रतिष्ठानाने उसावर जे प्रयोग चालविले आहेत त्यांत जमिनीतील उपकरणे, उपग्रहाची चित्रे आणि हवामान यांवरून यंत्र पाणी-खताचा सल्ला देते. पण तो सल्ला आपल्या मातीस लागू पडतो की नाही हे उसात उभा राहिलेला शेतकरीच ठरवितो. तोच न्याय येथे आहे.

तरीही खरी कीड निराळीच आहे, आणि तिचा विचार फारसे कोणी करीत नाही. अनुभवी अभियंत्यास यंत्रापासून फारसे भय नाही. भय आहे ते नवशिक्यास. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलास पूर्वी कचेरीत तक्ते करावयास व अहवालाची पहिली प्रत लिहावयास बसवीत. त्या कामाच्या निमित्ताने तो दोन-तीन वर्षांत धंदा शिके आणि पोटापुरते मिळवी. तेच काम आता यंत्राने प्रथम उचलले आहे. म्हणजे झाडाच्या शेंड्यास कीड नाही, रोपास आहे. रोप जगले तर पुढे फळ उत्तम. पण पहिली तीन वर्षे त्यास कुंपण व पाणी कोण देणार, हा हिशेब पदवीच्या खर्चात धरला पाहिजे. जो बाप चार वर्षांचे शुल्क मोजतो आणि पदवी हाती येताच हप्ते फेडावयास मुलाच्या पगाराकडे बोट दाखवितो, त्याचा हिशेब चुकतो तो येथे.

आता खर्च. पवईच्या आय. आय. टी. सारख्या संस्थेत २०१६ पासून पदवीच्या शिकवणीचे शुल्क वर्षास दोन लक्ष रुपये आहे. चार वर्षांचे आठ लक्ष, राहण्याजेवण्याचे निराळे. तथापि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाखाली असल्यास ते शुल्क पूर्ण माफ, एक ते पाच लाखांच्या दरम्यान असल्यास दोन तृतीयांश माफ, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांस पूर्ण माफ आहे. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक घरे प्रवेशपरीक्षेचा विचारच सोडून देतात. आपल्या राज्यात जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या कुटुंबांचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांच्या मुलींस व्यावसायिक शिक्षणाचे शिकवणी-शुल्क व परीक्षा-शुल्क पूर्ण माफ झाले आहे. प्रवेश मात्र सरकारी प्रवेशप्रक्रियेतून झालेला पाहिजे, व्यवस्थापनाच्या कोट्यातून नव्हे. ज्या घरी मुलगी शिकावयाची आहे, तेथे वाडीचे मोल ठरविण्यापूर्वी हा निर्णय वाचावा.

आता यांपैकी कोणतीही सवलत मिळाली नाही आणि खाजगी महाविद्यालयात सर्व मिळून दहा लक्ष रुपये लागले, असे समजू. ती रक्कम शेकडा दहा व्याजाने दहा वर्षांच्या मुदतीने काढिली, तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,२१५ रुपये पडतो आणि दहा वर्षांत जवळजवळ १५ लक्ष ८६ हजार रुपये भरावे लागतात. शिक्षण चालू असतानाचे व्याज याहून निराळे. आरंभीचा पगार महिना २५,००० समजला, तर त्यातील निम्म्याहून अधिक हप्त्यातच गेला. खोलीचे भाडे आणि आगगाडीचा पास देऊन असा मुलगा घरी काय पाठवील? उलट त्यासच घरून तांदूळ पाठवावे लागतील. हेच शिक्षण तीन लक्षांत झाले, तर त्याच हिशेबाने हप्ता चार हजारांच्या आत येतो, आणि पहिली तीन अवघड वर्षे निभावून जातात. यावरून ध्यानात येईल की, पदवीचा फायदा-तोटा पदवीच्या नावावर जितका नाही, तितका ती कोणत्या भावाने घेतली यावर आहे. बियाणे एकच असले तरी सावकाराच्या पैशाने घेतलेले आणि घरच्या कणगीतले यांच्या पिकात जे अंतर पडते, तेच हे होय.

उत्पन्नाची बाजू पाहताना एक ताजे उदाहरण पुरेसे आहे. मुंबई महापालिकेने २०२४ साली अभियंत्यांच्या ६९० जागा भरण्याची जाहिरात दिली. त्यांत कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी ४१,८०० पासून आणि दुय्यम अभियंत्याची ४४,९०० पासून होती. कनिष्ठ पद पदविकेवर मिळते, दुय्यम पदवीवर. मूळ वेतनातील अंतर आरंभी ३,१०० रुपयांचे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या साऱ्या जागा स्थापत्य आणि यांत्रिकी-विद्युत अशा दोनच नावांखाली होत्या. पर्यावरण अभियंता असे निराळे नाव तेथे नव्हते. ज्या महापालिकेकडे एवढे पाणी आणि एवढे सांडपाणी, तिच्या दारावरील पाटी स्थापत्याची आहे! कोणत्या पदासाठी कोणती पदवी चालते हे प्रत्येक जाहिरातीतील अटींवरून ज्याने त्याने तपासावे. पण जी पदवी अधिक दारे उघडिते ती आधी घ्यावी, हा साधा व्यवहार आहे.

म्हणून आमची सूचना अशी. ज्यास या विद्येची आवड आहे, त्याने पहिली पदवी स्थापत्याची, किंवा कल असल्यास रसायनाची, कमी शुल्काच्या सरकारी अथवा अनुदानित महाविद्यालयात घ्यावी आणि पर्यावरण हा विषय पुढच्या पदवीस घ्यावा. माटुंग्याची १८८७ साली स्थापन झालेली व्ही. जे. टी. आय. आणि पवईची आय. आय. टी. या दोन्ही ठिकाणी तो उच्च पदवीस शिकवितात. 'गेट' परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रवेश मिळविणाऱ्यास अशा अभ्यासक्रमात दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. दोन वर्षांचे २ लक्ष ९७ हजार ६०० रुपये होतात. म्हणजे जे पीक आपण पैसे घालून काढणार होतो, त्याचा दुसरा बहर सरकारच्या पाण्यावर निघतो. मनोरीच्या मुलीस तर आणखी एक सोय आहे. तरीने मार्व्यास उतरून, बसने मालाड आणि तेथून लोकलने शहरात जाता येते. प्रवास कष्टाचा खरा, पण वसतिगृहाचा खर्च वाचतो. ज्यास बारावीपर्यंत थांबणेही जड आहे, त्याने दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घ्यावी. तिच्यावरून पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळण्याची सोय आहे, आणि मध्येच हात आखडला तरी हातात काही राहते.

शिक्षण चालू असताना सुट्या घरी झोपून घालवू नयेत. शुद्धीकरणाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, निदान गावच्या विहिरींच्या पाण्याची परीक्षा करण्यात त्या घालवाव्यात. आपल्या किनाऱ्यावर विहिरींचा उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते. दर महिन्यास दहा विहिरींतील क्षार मोजून तीन वर्षांचा तक्ता जो विद्यार्थी करील, त्याच्या हाती नोकरी मागताना दाखविण्याजोगे असे काही असेल, जे यंत्रास बसल्या जागी रचता येणार नाही. त्याबरोबर संख्याशास्त्र आणि संगणकाची भाषाही शिकावी. ज्यास यंत्राकडून काम करून घेता येते आणि यंत्र चुकले कोठे हेही कळते, तो रोप असला तरी त्यास कुंपण आहे.

कोणी म्हणेल, एवढे कष्ट करण्यापेक्षा सरळ संगणकाची पदवी का घेऊ नये? ज्यास तीत गोडी आहे त्याने खुशाल घ्यावी. परंतु यंत्रबुद्धी जे काम सर्वांत सहज शिकली ते संगणकाचे कार्यक्रम लिहिण्याचेच होय, हे विसरू नये. सारा गाव एकाच वर्षी टोमॅटो लावितो तेव्हा बाजारात काय होते, हे आपणांस सांगावयास नको. दुसरे कोणी अमेरिकेचे उदाहरण देतील. तेथे या अभियंत्यांचे मध्यम वेतन वर्षास सुमारे एक लाख डॉलर आहे, हे खरे. पण ते तेथल्या मनुष्याचे वेतन आहे. त्यास रुपयांनी गुणून आपल्या वाडीची किंमत ठरवू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या सरकारने परदेशातून आणावयाच्या कुशल नोकरांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचा आकार बसविला. परराज्याचे दार एका सहीने उघडते आणि एका सहीने बंद होते. त्या दाराच्या भरवशावर जमीन विकणे हा जुगार आहे.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. शेतकऱ्याने जमीन धरून बसावे आणि मुलांस मोठ्या शिक्षणापासून रोखावे, असे तुम्ही सांगता काय? मुळीच नाही. जमीन राखूनही शिकविता येते, एवढेच आमचे सांगणे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्यास तारण व जामीन न देता कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांस, दुसरी सरकारी सवलत नसल्यास, दहा लक्षांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात शेकडा तीन व्याजाची सूट आहे. संस्था चांगली असेल तर बँक जमिनीवाचून पैसे देते. जी संस्था त्या यादीत नाही आणि जिचे शुल्क मात्र भारी आहे, तिच्यासाठी जमीन विकावी लागत असेल, तर ती गोष्टच त्या संस्थेविषयी पुरेसे सांगते.

आणि शेवटी एक लाभ असा आहे की जो वहीत मांडता येत नाही, म्हणून आम्ही तो हिशेबात धरिला नाही. पण सांगितल्यावाचून राहवत नाही. कचऱ्याचा डोंगर, सांडपाण्याचा कारखाना, पाणी गोडे करण्याची योजना, ही सारी आपल्या किनाऱ्याच्या वाट्यास येतात. त्यांचे अहवाल शेकडो पानांचे असतात आणि यंत्रबुद्धीमुळे ते यापुढे अधिक जाड होतील, पातळ नव्हे. सभेत ते वाचून दाखविले जातात तेव्हा कोळी व शेतकरी हात जोडून ऐकतात. कारण खारे पाणी कोणत्या महिन्यातील प्रवाह धरून सोडणार, हा प्रश्न विचारणारा आपल्यांत कोणी नसतो. गावची एक मुलगी ती विद्या शिकून त्या सभेत उभी राहिली, तर तिचे वेतन कितीही असो, तिने गावाचे काम केले. मात्र तो लाभ गावाचा आहे. त्याची किंमत एकट्या बापाने वाडी विकून भरावी, हा न्याय नव्हे. गावाने, मंडळाने आणि पतपेढीने त्यास हात दिला पाहिजे; या मंडळाने पुढील बैठकीत शिक्षणासाठी अल्प व्याजाच्या कर्जाचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

ज्या सभासदांच्या प्रश्नावरून हा लेख निघाला, त्यांस आमचे उत्तर थोडक्यात असे. मुलीस शिकवा. सरकारी प्रवेशप्रक्रियेत तिचा अर्ज वेळेवर भरा, शुल्कमाफीचे आणि उत्पन्नाचे दाखले आताच काढून ठेवा. पहिली पदवी स्थापत्याची घ्या, पर्यावरण पुढे. पदवीनंतरच्या तीन वर्षांची तजवीज आधी करा, तिच्या पगाराच्या भरवशावर राहू नका. आणि दलाल पुन्हा दारात आला तर त्यास पाणी द्या, पण पट्टा देऊ नका. माड लाविल्यापासून नारळ धरेपर्यंत सहा-सात वर्षे थांबण्याची सवय ज्या घरास आहे, त्या घरास ही पदवी फळापर्यंत नेणे अवघड जाऊ नये.